खर्जाशेजारी बसलेली हार्ड डिस्क

सांगलीच्या गावभागात एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर गायनाचा क्लास चालतो. क्लास घेणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या, किराणा अंगाची तालीम घेतलेल्या, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या. विद्यार्थ्यांना रियाजासाठी तंबोऱ्याचे ट्रॅक, बंदिशी, अधूनमधून एखादा अभंग असं सगळं त्या घरीच रेकॉर्ड करतात. मशीन त्यांच्या भाच्यानं जोडून दिलेलं. असेंबल केलेला डेस्कटॉप, त्यात दोन हार्ड डिस्क, एकीवर विंडोज आणि दुसरीवर रेकॉर्डिंग. सोबत दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, मोठ्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर माइक आणि रेकॉर्डिंगचं रीपर सॉफ्टवेअर. घरगुती कामाला हा सरंजाम पुरून उरतो.

तक्रारी दोन होत्या. एक, शांत जागी मागे काहीतरी घुमतं. दोन, रेकॉर्डिंग मधेच तुटतं, आणि तेही नेमकं चांगला आलाप जमलेला असताना. पहिल्या तक्रारीवर भाचा म्हणाला, "मावशी, डिस्क आवाज करतीय, शांत डिस्क घ्यायला पाहिजे." दुसरीवर दुकानदार म्हणाला, डिस्क स्लो आहे, फास्ट घ्या. दोन्ही सल्ले एकत्र होऊन माझ्यापर्यंत निरोप आला तो असा: घरच्या रेकॉर्डिंगसाठी शांत आणि फास्ट अशी एखादी हार्ड डिस्क सुचवा.

ही मागणी बरेच जण करतात, आणि बहुतेकांना उत्तरादाखल मॉडेलचं नाव हवं असतं. मला ते द्यायला आवडत नाही. शांतता आणि वेग हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची कारणं वेगळी असतात आणि पुष्कळदा त्यातलं एकही डिस्कच्या मॉडेलमध्ये नसतं. या घरात तर दोन्ही तक्रारी डिस्कशी निगडित निघाल्या, पण भाचा किंवा दुकानदार म्हणत होते त्या अर्थानं नाही.

आधी वेगाचा हिशोब करू, कारण तो कागदावर होतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकला सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने लागतात आणि प्रत्येक नमुना ३ बाइटचा. म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट, १४४ केबी. बाई एका वेळी जास्तीत जास्त दोन ट्रॅक रेकॉर्ड करतात, तेव्हा लिहिण्याचा भार सेकंदाला ०.२९ एमबी. त्यांचा सगळ्यात मोठा प्रोजेक्ट एका अभंगाचा, तंबोरा, पेटी, तबला, टाळ, मुख्य आवाज, मागचे झिलकरी असे मिळून २२ ट्रॅक. तो वाजवताना वाचण्याचा भार सुमारे ३.२ एमबी. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची साधी डेस्कटॉप डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० एमबीच्या आसपास किंवा वर सहज जाते. ५४०० फेऱ्यांचीही १०० च्या घरात असते. नुसता वेगच बघायचा तर या कामाला दहा वर्षांपूर्वीची डिस्कसुद्धा हसत पुरते.

खरी मेख आहे ती 'सलग' या शब्दात. २२ ट्रॅक म्हणजे २२ फायली, डिस्कवर २२ ठिकाणी. एका फायलीचा तुकडा वाचून झाला की हेडला, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला, उचलून दुसरीकडे जावं लागतं. या उडीला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद लागतात. शिवाय हवी ती जागा फिरत फिरत हेडखाली यायला ७२०० च्या डिस्कवर सरासरी ४.२ मिलिसेकंद, ५४०० च्या डिस्कवर ५.६. म्हणजे एका तुकड्यामागे ढोबळ १३ मिलिसेकंद नुसते प्रवासात जातात. आता सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकचा एकेक सेकंदाचा तुकडा उचलत असेल, तर २२ उड्यांना २८६ मिलिसेकंद लागले, सेकंदातला दोन तृतीयांशाहून जास्त वेळ मोकळा राहिला. तेच तुकडे एक दशांश सेकंदाचे असतील तर सेकंदाला २२० उड्या, म्हणजे २.९ सेकंदांचं काम एका सेकंदात करायचं. कुठलीही फिरती डिस्क इथे हात टेकणार. म्हणून रीपरमध्ये मीडिया बफर, म्हणजे डिस्कवरून आगाऊ वाचून ठेवायचा साठा, कमी करून ठेवायचा नाही. पुष्कळ जण ऑडिओ इंटरफेसचा बफर आणि हा डिस्कचा बफर एकच समजतात आणि 'लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) कमी करा' असं कुठेतरी वाचून दोन्ही खाली आणतात. इंटरफेसचा बफर २५६ नमुन्यांचा ठेवला तर ४८ किलोहर्ट्झवर ५.३ मिलिसेकंद होतात, आणि गाणाऱ्याला हेडफोनमध्ये जाणवतो तो हा. डिस्कचा बफर सेकंदभराचा असला तरी गाण्याला काही फरक पडत नाही.

बाईंच्या मशीनवर दोन्ही बफर ठीक होते. रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये डिस्कवरून होणारी वाचाई-लिहाई दिसते, तीही वर काढलेल्या हिशोबाच्या आसपासच होती. मग तुटत का होतं?

त्याचं उत्तर बाईंच्या विद्यार्थ्यानं सहज बोलता बोलता दिलं. बाईंच्या गुरुजींच्या जुन्या कॅसेट तो डिजिटाइझ करत होता, आणि त्या फायली त्याच्या पेन ड्राइव्हवरून रेकॉर्डिंगच्याच डिस्कवर कॉपी व्हायच्या. "सर, कॉपी मागं चालू असती, त्यानं काय होतंय? हजार जीबी रिकामी आहे की डिस्क."

जागा रिकामी होती, पण डिस्क एसएमआर जातीची होती. साध्या, म्हणजे सीएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे शेजारी शेजारी, सुटे सुटे असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त माल बसतो आणि डिस्क स्वस्त पडते. मात्र मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची सगळी ओळ उचलून परत बसवावी लागते. हे काम लगेच करायला लागू नये म्हणून डिस्क आलेला डेटा आधी एका राखीव पट्ट्यात टाकते आणि निवांत वेळ मिळाला की जागेवर लावते. छोट्या कामाला हे कळतही नाही. पण मोठी कॉपी चालू असली की राखीव पट्टा भरतो, डिस्क एकाच वेळी नवीन डेटा घ्यायला आणि जुना लावायला लागते, आणि एखादी साधी लिहाईसुद्धा मधेच काही क्षण ताटकळते. सेकंदाला जेमतेम ०.२९ एमबी मागणारं रेकॉर्डिंग त्या गर्दीत अडकतं.

डिस्कच्या खोक्यावर ७२०० लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं. ७२०० आणि एसएमआर एकाच डिस्कमध्ये असू शकतात, याची पुष्कळांना कल्पना नसते. फेऱ्यांचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, रेकॉर्डिंगची पद्धत मात्र डेटाशीटमध्ये शोधावी लागते. हार्ड डिस्कच घ्यायची असेल तर मॉडेल नंबर टाकून ती सीएमआर आहे का एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं. ७२०० की ५४०० हा प्रश्न त्यानंतरचा.

तुटण्याचं आणखी एक किरकोळ कारण सापडलं. क्लासमध्ये गप्पा रंगल्या, मग बाईंनी रेकॉर्ड दाबलं, की सुरुवातच गडबडायची. विंडोजच्या नेहमीच्या पॉवर प्लॅनमध्ये २० मिनिटं काम नसलं की हार्ड डिस्क बंद होते, आणि थांबलेली तबकडी पुन्हा पूर्ण वेगात यायला काही सेकंद जातात. ते सेटिंग शून्यावर, म्हणजे 'कधीच नाही'वर ठेवलं. अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगचा फोल्डर वगळायला सांगितला आणि क्लाउडची आपोआप होणारी कॉपी रेकॉर्डिंगच्या वेळी थांबवली. यातल्या कशालाच एक रुपया लागत नाही, म्हणूनच बहुधा हे दुकानात कोणी सांगत नाही.

वेगाची तक्रार इथे संपली. नवीन काहीही न घेता, नुसतं रेकॉर्डिंग चालू असताना कॉपी न करण्यानं आणि चार सेटिंग्जनं ती सुटत होती.

घुमण्याची गोष्ट मात्र जास्त रंजक होती, आणि तिच्यात बाईंचा कान माझ्या मीटरच्या पुढे होता. माझ्या कानाला हेडफोनमध्ये एक मंद 'घूं' एवढंच ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, "खर्जाच्या शेजारी कोणतरी बसलंय बघा. तार सुटत आली की हलतंय ते. जवारीचा आवाज नाही तो, जवारी मी ओळखते की." खर्ज म्हणजे तंबोऱ्याची खालच्या सा ची तार, आणि जवारी म्हणजे घोडीवर तार घासून येणारी झणकार. तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला, बाईंच्या गुरुजींच्या वेळचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ज्या गावात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मुक्काम केला त्या गावच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली असं बाईंना कोणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. घोडी, सूत, मणी सगळं जागेवर होतं. खोट तंबोऱ्यात नव्हतीच.

"बाई, थोडा वेळ पंखा बंद ठेवूया का?"

"मे महिना आहे ओ! बरं, ठेवा."

कुणीही बोलायचं नाही, तंबोरा छेडायचा नाही, आणि माइकचा गेन, म्हणजे आवाज वाढवायचं प्रमाण, बाई तंबोऱ्यासाठी ठेवतात तेवढाच ठेवून खोलीचं नुसतं रेकॉर्डिंग घेतलं. तंबोरा हे हळू वाद्य आहे, त्यामुळे गेन बराच वर असतो आणि खोलीतलं जे काही असेल ते सगळं आत येतं. चांगल्या कंडेन्सर माइकचा स्वतःचा आवाज फार कमी असतो. उदाहरणार्थ, रोडच्या एनटी१-ए या घरोघरी दिसणाऱ्या माइकचा ५ डीबीए, म्हणजे कानाच्या हिशोबानं मोजलेले ५ डेसिबल. तेव्हा अशा माइकवर खरखर आली तर ती बहुतेक वेळा खोलीचीच असते.

ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडून प्लॉट स्पेक्ट्रम, म्हणजे किती हर्ट्झवर किती आवाज आहे याचा आलेख, काढला. इथे एक बारकावा आहे. साइज १६,३८४ ठेवली तर ४८ किलोहर्ट्झवर आलेखातले शेजारचे दोन बिंदू सुमारे २.९ हर्ट्झच्या अंतरानं पडतात, जवळजवळच्या दोन स्वरांची गर्दी होते. ६५,५३६ ठेवली की ०.७३ हर्ट्झपर्यंत वेगळं दिसतं. ठेवली, आणि उभ्या रेघा मोजायला बसलो. ५० वर एक, १०० वर एक, १२० वर एक ठळक, २४० वर एक बारीक, आणि बाकी मशीनच्या पंख्याची पसरलेली सळसळ.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. विजेचा हम ५०, १००, १५० असा चढत जातो, १२० वर तो बसूच शकत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे १२० दिसलं तर अर्थिंगमध्ये घोळ आहे की डिस्क घुमतेय हे नुसत्या आलेखावरून सांगणं अवघड. सांगलीत मात्र १२० ची रेघ जवळपास सही करूनच येते: मिनिटाला ७२०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या.

'जवळपास' म्हणायचं कारण कॅबिनेटचा पंखा. सात पात्यांचा पंखा मिनिटाला हजाराच्या जरा वर फिरला तरी पात्यांचा आवाज १२० च्या आसपास येतो. पण पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो, त्याची रेघ थोडी सरकत राहते आणि पसरट असते. ही रेघ सुईसारखी उभी होती आणि तसूभर हलत नव्हती.

आता बाईंचं 'शेजारी कोणतरी' उलगडलं. काळी पाचचा सा म्हणजे २३३ हर्ट्झ, त्याच्या खालचा खर्ज ११६.५. डिस्क घुमते १२० वर. दोघांत साडेतीनचा फरक, म्हणजे दोन्ही आवाज बरोबरीला आले की सेकंदाला साडेतीन वेळा थरथर. तार छेडली त्या क्षणी खर्ज भरदार असतो, डिस्क त्याखाली झाकून जाते. तार ओसरत आली की दोघं एका पातळीला येतात आणि नेमकं तेव्हाच हलायला लागतं. बाईंनी सांगितलं होतं ते शब्दशः बरोबर होतं. गायिका काळी दोनमध्ये गाणारी असती तर कदाचित हे कोणाला खुपलंही नसतं.

वर आणखी एक मंद उसासा होता, दर काही सेकंदांनी फुगणारा आणि ओसरणारा. कॅबिनेटमध्ये ७२०० च्या दोन डिस्क एकाच पिंजऱ्यात आवळलेल्या असल्या की त्यांच्या फेऱ्यांत केसाएवढा फरक राहतो आणि दोघींची एकमेकींशीच अशी आंदोलनं होतात.

मग खोलीत बसून हे ऐकू का येत नव्हतं? एक तर इतक्या खालच्या, इतक्या हळू आवाजाला आपला कान मंद असतो. दुसरं, रेकॉर्डिंगनंतर आवाजावर कॉम्प्रेसर लागतो. तो मोठा आवाज दाबतो, मग एकूण पातळी वर घेतली जाते, आणि तळाशी पडलेलं सगळं वर येतं. तिसरं कारण या घराचं. जमीन लाकडी तुळयांवरची. डेस्कटॉप टेबलाखाली त्या जमिनीवर, माइकचा स्टँडही त्याच जमिनीवर, हातभर अंतरावर. डिस्कची थरथर पत्र्याच्या कॅबिनेटमधून लाकडात, लाकडातून स्टँडमध्ये आणि तिथून माइकमध्ये जात होती. हवेतून येत होती ती थोडीच.

याची खातरजमा सोपी होती. आधी स्टँडखाली जाड सतरंजीच्या घड्या घातल्या, परत रेकॉर्ड केलं, १२० ची रेघ बरीच खाली आली. मग मशीन बंद करून रेकॉर्डिंगच्या डिस्कची पॉवर काढली, पुन्हा सुरू करून फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, तेव्हा तो उसासा पूर्ण गेला आणि रेघ आणखी उतरली. शेवटी मशीन चालू असताना कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवून बाईंना दाखवलं. त्यांनी हात ठेवला आणि मंद्रातला सा लावला. "चढलाय," म्हणाल्या.

भाच्याचा सल्ला होता शांत डिस्क घ्या. तर घ्यावी का? डेटाशीटमध्ये आवाजाचा आकडा दिलेला असतो, एक नुसतं फिरतानाचा आणि एक हेड उड्या मारतानाचा. कधी डेसिबलमध्ये, कधी बेलमध्ये, १ बेल म्हणजे १० डेसिबल. या आकड्यांचा उपयोग आहे, पण आपल्या तक्रारीवर नाही. एक तर ते ए-वेटेड असतात, म्हणजे कानाच्या मंदपणाचा हिशोब धरून मोजलेले. १२५ हर्ट्झच्या आसपास ही मोजणी आवाजातून सुमारे १६ डेसिबल वजा करते. जो घुमारा आपल्याला नडतोय तोच आकड्यात सगळ्यात कमी धरलेला. दुसरं, तो आकडा सुट्या डिस्कचा असतो, बाईंच्या कॅबिनेटच्या पत्र्याचा आणि तुळयांचा नाही. खोक्यावर 'सायलेंट' लिहिलेली डिस्क चार स्क्रूंनी पत्र्याला आवळली की पत्रा बोलायला लागतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, की आजच्या डिस्क पूर्वीपेक्षा फारच शांत आहेत. जुन्या बॉल बेअरिंगच्या डिस्कना एक तीक्ष्ण किणकिण असायची, ती द्रव बेअरिंग आल्यावर गेली. उरली ती खालची थरथर आणि उड्यांची कुरकुर.

५४०० ची डिस्क? तिची थरथर कमी आणि ती थंडही राहते. पण ती घुमणार ९० वर, दुप्पट झाली की १८०. बाईंच्या तंबोऱ्यातली पंचमाची तार १७५ च्या जरा खाली. खर्ज सोडून पंचमाच्या शेजारी बसायचं, एवढंच. शिवाय अशा काही डिस्क काम नसलं की थोड्याच वेळात हेड बाजूला ठेवतात, त्याची 'टक्' शांत जागी पकडली जाते.

डिस्क स्क्रूऐवजी रबरावर बसवणं किंवा जाड इलॅस्टिकवर टांगणं हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे, मी तो इतरत्र केलेला आहे. त्यात दोन पथ्यं पाळायची. डिस्क स्पंजमध्ये पूर्ण गुंडाळायची नाही, कारण तिची उष्णता पत्र्यातूनच बाहेर जात असते आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, तर साध्या डिस्कची मर्यादा बहुधा ६० अंशांची असते. आणि तिच्यावरचं हवेचं बारीक छिद्र झाकायचं नाही. पण टांगलेली डिस्क असलेलं मशीन क्लासमध्ये पोरं इकडून तिकडे सरकवणार, म्हणून इथे तो विचार सोडला.

शेवटी निर्णय एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हचा, झाला. यात नवल काही नाही, आज कोणीही हेच सांगेल. पण कारण नीट असावं. वेगासाठी एसएसडीची इथे गरज नव्हती. ३.२ एमबीच्या कामाला सेकंदाला साडेपाचशे एमबी देणारी साटा एसएसडीही डोक्यावरून पाणी, मग तीन-साडेतीन हजार एमबी देणारी, मदरबोर्डवरच्या वेगळ्या स्लॉटात बसणारी एनव्हीएमई एसएसडी तर सोडाच. विद्यार्थ्याचा आग्रह एनव्हीएमईचा होता, "उडतंय सर मशीन." उडू दे, पण बाईंच्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नव्हता, आणि असता तरी गाण्यात काही फरक पडला नसता. एसएसडी घेतली ती आत फिरणारं काही नाही म्हणून. उड्यांचा वेळ १३ मिलिसेकंदांवरून ०.१ च्या आसपास येतो, त्यामुळे पुढे कितीही ट्रॅक झाले तरी तो हिशोब करावा लागणार नाही, हा वरचा फायदा. १ टीबीची एक साटा एसएसडी घेतली, त्यावर विंडोज आणि चालू प्रोजेक्ट दोन्ही. फिरत्या डिस्कवर विंडोज आणि रेकॉर्डिंग वेगळं ठेवायचा जुना नियम हेडच्या उड्यांमुळे होता, इथे तो लागत नाही.

जागेचा हिशोबही सांगतो, कारण लोक उगाच मोठी साइज घेतात. ८ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर तासाला सव्वाचार जीबीच्या आत. विंडोजची जागा सोडली तरी १ टीबीवर दोनशे तासांच्या वर बसतं. ९६ किलोहर्ट्झवर सगळं दुप्पट होतं, आणि गळ्याच्या घरगुती रेकॉर्डिंगला ते करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दोन्ही जुन्या डिस्क काढल्यावर तोच प्रयोग पुन्हा केला. १२० आणि २४० च्या रेघा गायब. ५० आणि १०० च्या होत्या तशाच, आणि पंख्याची सळसळ तर आता जास्तच उघडी पडली. हे सगळीकडे होतं. एसएसडी टाकून मशीन 'सायलेंट' होत नाही, कारण एकूण आवाजात मोठा वाटा पंख्यांचाच असतो. डिस्क गेली की घुमारा जातो, खोलीचा मीटर फार हलत नाही. म्हणून सरळ डेस्कटॉपच बाहेरच्या व्हरांड्यात नेला आणि खिडकीच्या चौकटीतून वायरी आत घेतल्या. यूएसबी २ च्या साध्या वायरीला ५ मीटरची मर्यादा आहे, इथे तेवढ्यात बसलं. इंटरफेस, स्क्रीन आणि माउस आत, बाकी मशीन बाहेर. ५० ची रेघ इंटरफेस आणि मशीन एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घेतल्यावर बरीच दबली.

डेस्कटॉप व्हरांड्यात न्यायचाच होता तर एसएसडी कशाला, असं भाच्यानं विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये मी नुसतं मशीन बाहेर काढून बघा म्हटलं असतं. इथे व्हरांड्याची जमीनही त्याच तुळयांवर आहे, थरथर भिंत ओलांडून आत आली असती. शिवाय ती एसएमआर डिस्क रोजच्या कामातून काढायचीच होती.

काढलेल्या डिस्क फेकायच्या नाहीत, हे बाईंना सांगावं लागलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी धोक्याच्या ४५ फुटांच्या कितीतरी वर गेलं, तेव्हा या घराचा तळमजला बुडाला. गुरुजींच्या कॅसेटचं एक कपाट तळमजल्यावर होतं. वाचल्या त्या वरच्या मजल्यावरच्या, ज्या आता विद्यार्थी उतरवतोय. त्यामुळे दुसरी प्रत घराबाहेर हवी यावर चर्चाच झाली नाही. दोन्ही डिस्कना यूएसबीची बाहेरची केस घेतली. एक कपाटात, रेकॉर्डिंग संपल्यावर जोडायची, कॉपी झाली की काढायची. एसएमआर डिस्कला हे काम अगदी मानवतं, निवांत एकदाच लिहायचं आणि ठेवून द्यायचं. दुसरी विश्रामबागला मुलीकडे. दोन्हींची अदलाबदल मुलगी येते-जाते तेव्हा होते.

यासाठी एसएसडीच का घेतली नाही, तर बिनविजेची कपाटात पडून राहायला ती योग्य नाही. तिच्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, तो हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठीच्या मानकात, लिहाईची ठरलेली मर्यादा संपेपर्यंत वापरलेली एसएसडी ३० अंशाला वर्षभर बिनविजेची टिकावी एवढीच अपेक्षा आहे. नवीन असताना ती यापेक्षा पुष्कळ टिकते, पण सांगलीच्या मे महिन्यातलं कपाट ३० अंशांचं नसतं.

कॅसेटचं काम अजून बरंच बाकी आहे. साठ मिनिटांची एक कॅसेट स्टिरिओ २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर जेमतेम १ जीबी होते, त्यामुळे जागेची चिंता नाही. विद्यार्थ्याला एवढंच सांगून ठेवलंय की प्रत्येक बाजूची वेगळी फाइल कर, सलग चार-चार तास रेकॉर्ड चालू ठेवू नकोस. साध्या डब्ल्यूएव्ही फायलीची मर्यादा ४ जीबी आहे, आणि स्टिरिओत ती चार तासांच्या जरा पुढे गाठली जाते.